सदतीस नंबरची बत्ती

बत्ती उघडायची नाही. तिचा नंबर भिंतीकडेच राहिला पाहिजे. आणि का, ते विचारायचं नाही.

इंदूरला अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात हा नियम वीस वर्षं चालत आला आहे. नियम आजोबांचा, पहारा आजीचा. तो सगळ्यात जास्त वेळा ऐकवला गेला त्यांच्या नातीला, प्राचीला. आणि ज्या बत्तीसाठी एवढी खबरदारी, ती मी. आज मी बोलणार आहे. पुष्कळ वर्षं मोठ्या माणसांचं ऐकून घेतलं. आता त्यांनी माझं ऐकावं.

मी देवापुढची समई नाही. कोळशाच्या खाणीतली बत्ती आहे. पितळी पोट, वर जाड काच, काचेच्या वर बारीक तारेची जाळी आणि जाळीवर पत्र्याचं आवरण. उजेड पाडणं हे माझं काम नव्हतंच, त्यासाठी कामगारांच्या डोक्यावर विजेचे दिवे होते. माझं काम खरं सांगण्याचं. जमिनीखाली एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला तो कळत नाही, मला कळतो. माझी वात बारीक करून मला छताशी धरलं आणि तिथे तो असला, की माझ्या ज्योतीवर एक फिकट निळी टोपी चढते. वायू जितका जास्त, तितकी टोपी उंच. फारच असला तर तो माझ्या पोटात शिरून पेटतो, जाळी लाल होते आणि मी विझते. जाळी ती आग बाहेर जाऊ देत नाही. पण तिच्या अंगावर डाग राहतो, तापून थंड झालेल्या लोखंडावर पडतो तसा, निळा-जांभळा. तो कितीही घासला तरी जात नाही.

हा डाग लक्षात ठेवा.

कलकत्त्याच्या एका कारखान्यात मला घडवलं आणि गवत भरलेल्या खोक्यातून तेंदूखापला पाठवलं. सातपुड्याच्या कुशीतलं कोळशाचं गाव. दोन खाणी, कामगारांच्या क्वार्टरच्या अकरा ओळी, शाळा, दवाखाना, साहेबांचा क्लब, आणि दर शनिवारी मैदानात पडदा बांधून दाखवायचा सिनेमा. दिवसातून तीन वेळा भोंगा वाजायचा आणि त्या भोंग्यावर गाव उठायचं, जेवायचं, झोपायचं. बायका त्याच्यावर भाताचं पातेलं उतरवायच्या.

मी बत्तीघरात राहायची. तिथे प्रत्येक बत्तीला तिच्या नंबरची खुंटी. बत्तीबाबू रोज सकाळी आम्हाला पुसायचे, तेल भरायचे, पेटवायचे आणि मग शिशाचा एक तुकडा ठोकून आम्हाला बंद करायचे. त्या शिशावर त्या दिवसाच्या तारखेचा ठसा. खाली कोणी बत्ती उघडू नये म्हणून ही व्यवस्था. शिसं तोडायचं ते परत बत्तीघरातच.

माझा नंबर सदतीस. माझा माणूस गोपीनाथ.

गोपीनाथ इंदूरचे. जुन्या होळकरी फौजेतल्या घराण्यातले, पण घराण्यात आता फक्त ते सांगणं उरलं होतं. पाळी उतरायच्या आधी खाली जाऊन वायू तपासणाऱ्या माणसाला खाणीत 'सरदार' म्हणतात. ते पद गोपीनाथांना मिळालं, तेव्हा त्यांच्या बायकोनं, मनोरमानं, अख्ख्या ओळीत पेढे वाटले. "आमच्याकडे सरदारकी पहिल्यापासूनच," असं ती शेजारणींना सांगायची. शेजारणी पदराआड हसायच्या.

माणूस वाईट नव्हता, हे मी कबूल करते. मला हळू उचलायचा. काचेवर कोळशाची पूड बसली की स्वतःच्या रुमालानं पुसायचा. पण त्याला वरच्याला 'नाही' म्हणता यायचं नाही. काही माणसांच्या तोंडात तो शब्द घडवलेलाच नसतो. अशी माणसं घरात मात्र फार कडक असतात.

आता तेंदूखापची एक रीत सांगते. कायदा असा, की सरदारानं आधी उतरायचं, चारही बोगद्यांत मला फिरवायचं, वर येऊन वहीत लिहायचं आणि मग पाळी सोडायची. रीत वेगळी होती. बत्तीघराच्या खिडकीशी, मला हातात घेतानाच, सरदार उभ्या उभ्या लिहून टाकायचे: 'वायू नाही'. चारही ओळींत. खाली सही. वर येऊन लिहीत बसलं तर पाळीला अर्धा तास उशीर होतो, आणि उशीर मॅनेजरसाहेबांना चालत नाही. म्हणजे मी खाली जाऊन काय बघणार, ते वर आधीच ठरलेलं. बहुतेक दिवशी ते खरंही निघायचं. म्हणून रीत टिकली, आणि जुनी झाली म्हणून पवित्र झाली.

एकोणीसशे सत्त्याण्णव साल. मार्च महिना, तारीख एकतीस. माझ्या शिशावर एकतीसचा ठसा आणि वहीत चार वेळा 'वायू नाही'.

पूर्वेच्या बोगद्यात, टोकाला, गोपीनाथांनी मला छताशी धरलं. निळी टोपी चढली. मग वाढली. मग माझ्या पोटात सगळीकडे निळंच झालं, जाळी लाल झाली, फट् असा आवाज आला आणि मी विझले. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात मला गोपीनाथांचा चेहरा दिसला. त्यांना कळलं होतं. पूर्ण कळलं होतं. पुढे कोणी काही म्हणो, हे मी शपथेवर सांगते.

ते धावत खाणीच्या तळाशी आले. तिथे वर बोलायचा फोन होता. मॅनेजर उदयसिंह फोनवर आले.

"साहेब, पूर्वेला वायू आहे. बत्ती विझली."

"रिपोर्ट में क्या लिखा है?"

गोपीनाथ रुमालानं माझी काच पुसू लागले.

"मैं पूछ रहा हूँ, रिपोर्ट में क्या लिखा है आपने?"

"...वायू नाही."

"तो नहीं है। आज इकतीस तारीख है, गोपीनाथ। साल का आखिरी दिन। काम चलने दो।"

फोन ठेवला गेला. एवढ्यात माणसांना ने-आण करणारा लोखंडी पिंजरा खाली आला आणि पूर्वेच्या टोळीची सात माणसं बाहेर पडली. सगळ्यात पुढे पुनाराम. त्याच्या तळहातावर नेहमीप्रमाणे तंबाखू मळून तयार. खाली विडीकाडी न्यायला बंदी, म्हणून सगळे तंबाखूच खायचे, आणि पुनारामच्या हातचा तंबाखू गोपीनाथांना फार आवडायचा.

"घ्या सरदार," तो म्हणाला. "आज तोंड काऊन उतरलं? बाई रागावली का?"

बाकीचे हसले. गोपीनाथांनी चिमूट उचलली. ओठात ठेवली. आणि तोंड बंद केलं.

सात माणसं पूर्वेकडे गेली.

त्यानंतर काय झालं, ते सांगायला मला फार शब्द लागत नाहीत. पाऊण तासानं जमीन हलली. यंत्राची ठिणगी, दगडाची, कशाचीही असेल. गावातल्या घराघरांत मांडणीवरची भांडी पडली. वेळ नसताना भोंगा वाजला, आणि वेळ नसताना वाजला की काय समजायचं ते बायकांना माहीत होतं. गोपीनाथ पश्चिमेच्या बाजूला होते. ते वाचले.

चौकशी बसली. मोठे लोक आले, क्लबात उतरले. त्यांच्यापुढे वही ठेवली गेली. वहीत वायू नव्हता. एक दुसरीच चकचकीत बत्ती ठेवली गेली. तिच्यावर डाग नव्हता. माझ्या नंबरापुढे 'मोडीत' असं लिहिलं. आणि मग एक अर्धी विडी ठेवली गेली. पुनारामची, असं सांगितलं. सात माणसांची ओळख पटू न देणाऱ्या आगीत विडी अर्धी कशी उरते, हे एकाही शहाण्यानं विचारलं नाही. गोपीनाथांनी जबाबावर सही केली. माझ्या माणसाचं अक्षर सुरेख होतं.

मला त्यांनी जेवणाच्या डब्यात लपवून घरी आणलं. फेकायची हिंमत नव्हती, दाखवायचीही नव्हती. क्वार्टरच्या फळीवर ठेवलं, नंबर भिंतीकडे. तेंदूखापमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत होतं की सदतीस म्हणजे गोपीनाथ सरदार.

त्या फळीसमोर खिडकी होती. तिथून मी गाव मरताना पाहिलं.

पूर्वेचा बोगदा विटा लावून बुजवला. मग धाकटी खाण बंद झाली. जवळचा चांगला कोळसा संपतच आला होता, आणि दुसरीकडे डोंगर उघडे पाडून कोळसा काढायला लागले होते, तो सोपा पडायचा. हे क्लबातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण गावाला सांगितलं गेलं ते एकच: पुनारामच्या विडीनं खाण खाल्ली. लोकांनी ते आनंदानं मानलं. मेलेला माणूस, तोही टोळीतला, उलट बोलणार नाही. त्याची बायको गंगूबाई नळावर आली की बाकीच्या हंडे उचलून बाजूला व्हायच्या. पोरं तिच्या दारात काड्या पेटवून टाकायची आणि पळायची. त्यांचे आईबाप ओट्यावर बसून बघायचे.

शनिवारचा पडदा एका शनिवारी बांधलाच नाही. दवाखान्यातले डॉक्टर गेले, मग औषधं गेली, शेवटी पाटी गेली. शाळेत एका वर्गात तीन यत्ता बसायला लागल्या. रेल्वेचे रूळ उचलून नेले, त्यांच्या जागी दोन ओळींत गवत उगवलं. रिकाम्या झालेल्या क्वार्टरच्या खिडक्या, दारं, कौलं लोकच काढून न्यायचे, आणि निघताना त्याच ओसाड घरापुढे उभं राहून फोटो काढायचे, डोळे पुसायचे. मला ह्या रडण्याची चीड येते. घर उपटायचं आणि मग त्याची आठवण काढायची, ही तुम्हा लोकांची जुनी खोड.

दोन हजार तीन साली मोठी खाण बंद झाली आणि भोंगा थांबला. पहिले काही दिवस लोकांना कधी जेवायचं ते कळेना. पुढच्या वर्षी गोपीनाथ इंदूरला परत आले. मनोरमाबाई, मुलगा श्रीहरी, सून, दोन वर्षांची प्राची. आणि एका जुन्या उशीच्या खोळीत मी.

अन्नपूर्णा मंदिरामागच्या घरात मला काचेच्या कपाटात जागा मिळाली. दसऱ्याला मला हळदकुंकू. एक फूल. "आजोबांच्या सरदारकीची खूण," आजी सांगायची. नंबर मात्र भिंतीकडे.

प्राची लहान असताना आजोबा तिला मांडीवर घेऊन माझ्याच गोष्टी सांगायचे. निळी टोपी कशी चढते, जाळी लाल कधी होते, डाग का राहतो. सगळं खरं सांगायचे, फक्त एक दिवस सोडून. पोरगी विचारायची, "हिचं तोंड तिकडे का? ती रुसलीय का?" लगेच आजी: "विचारायचं नाही म्हटलं ना?"

ती मोठी झाली, केमिस्ट्री घेऊन एम.एस्सी. करायला लागली. आणि हिला उत्तर न मिळालेला प्रश्न विसरता येत नाही. हा तिचा दोष आहे, असं घरात सगळे म्हणतात. मला तर त्या घरात तेवढी एकच धड गोष्ट दिसते.

गेल्या फेब्रुवारीत एका दुपारी बेल वाजली. दारात गंगूबाई आणि तिची नात खुशी. खुशी इथेच नर्सिंग शिकते. तिनं पत्ता शोधून काढला होता. गंगूबाई अजून तेंदूखापलाच राहते. तिच्या ओळीत आता एकच घर उभं आहे, तिचं.

आजीनं घरच्यांना कपात चहा दिला आणि त्या दोघींना स्टीलच्या पेल्यात. प्राचीनं ते पाहिलं. आपला कप उचलून तिनं चहा एका पेल्यात ओतला आणि पेल्यानंच प्यायला लागली. आजीचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"सरदार," गंगूबाई म्हणाली, "तुमचं मंडळ खाणीच्या तोंडाशी दगड बसवते म्हणे. त्याच्यावर सहा नावं हायेत. मेले तं सात."

तेंदूखाप सोडून इंदूरला आलेल्यांचं एक मित्रमंडळ आहे. वर्षातून एकदा जमतात, खातात, उसासे टाकतात. उरलेली घरंही आता पाडणार म्हणून त्यांनी स्मारकाचा दगड करायला दिला होता.

"मंडळाचा निर्णय आहे, गंगूबाई," आजोबा म्हणाले. "माझ्या एकट्याच्या हातात काय?"

"तुमच्या हातात बत्ती होती."

मग आजी उसळली. "हे बघा, झालं गेलं. तुमच्या माणसाच्या एका विडीनं सहा घरं बुडाली, अख्खं गाव उठलं. आता त्याचं नाव त्याच सहाजणांच्या शेजारी लावायचं? लोक काय म्हणतील?"

"बाई, त्यानं जिंदगीत विडी नाई ओढली. तंबाखू मळे. सरदारांना इचारा. रोज त्याच्याच हातची चिमूट खात होते."

प्राचीनं मान वळवली. "आजोबा, खरंय हे?"

"तू आत जा."

"मी तेवीस वर्षांची आहे. आत कुठे जाऊ?"

"मले पैसा नको, काई नको," गंगूबाई उठत म्हणाली. "माई नात लग्न होऊन जाईल कुठं. तिच्या पोरांनी इचारलं, आजीचा माणूस कोण होता, तं तिनं काय सांगावं? गाव जाळणारा? दगडावर नाव पाहिजे. बस."

त्या गेल्या. दार लागताच प्राचीनं कपाट उघडलं, मला बाहेर काढलं आणि फिरवलं. अठ्ठावीस वर्षांनी माझा नंबर उजेडात आला. मग तिची नजर शिशावर गेली. त्यावर अंगठा फिरवत तिनं ठसा वाचला. एकतीस.

"एकतीस मार्च," ती म्हणाली. "ही त्या दिवसाची बत्ती आहे. त्या दिवसानंतर उघडलीच नाही कोणी. आजोबा, आत जाळीवर काय आहे?"

"ठेव ती."

"तुम्हीच शिकवलंत ना मला? वायू आत पेटला तर डाग राहतो. डाग नसेल तर मी तुमची माफी मागते. उघडा."

"मोठ्या माणसांना असं उलटून विचारतात?" आजी कडाडली. "कॉलेजात हेच शिकवतात का?"

"कॉलेजात मिथेन किती टक्क्यांना पेटतो ते शिकवतात, आजी. कुणाच्या बापाला न घाबरता."

महूहून नोकरीवरून नुकतेच घरी आलेले श्रीहरी बूट काढता काढता म्हणाले, "जाऊ दे ना यार प्राची. बीपी आहे त्यांना. फालतूमध्ये कशाला?"

"बाबा, 'जाऊ दे' हेच आपलं आडनाव ठेवू या. दारावर पाटी लावते."

आजोबा एवढंच बोलले, "उघडू नकोस. माझं एवढं ऐक." आवाज तोच होता, खाणीच्या तळाशी फोनवर होता तो. मी ओळखला.

तिनं मला परत ठेवलं. पण नंबर बाहेर करून. "मी नाही उघडणार. तुम्ही उघडा. मी वाट बघते." दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं मला भिंतीकडे वळवलं. कॉलेजला निघताना प्राचीनं बाहेर वळवलं. असं महिनाभर चाललं. गिरकी घेऊन घेऊन माझं बूड झिजायची वेळ आली, पण त्या घरात तो विषय कोणी काढला नाही. जेवताना लोणच्याबद्दल बोलायचे.

शेवटी घात आजीच्याच तोंडानं झाला. मंडळाच्या बायकांपुढे तिनं फुशारकी मारली, की आमच्याकडे खाणीतली खरी बत्ती आहे. झालं. जुन्या मॅनेजरसाहेबांचा, उदयसिंहांचा फोन; मंडळ आता तेच चालवतात.

"गोपीनाथजी! सुना है आपके पास बत्ती है। भई वाह! एकतीस तारखेला कार्यक्रमात तीच पेटवू. तेंदूखापची शेवटची ज्योत!" वीस वर्षं इंदुरात राहून त्यांना मराठीही येते, भाषणापुरती.

आजोबा म्हणाले, "जी साहेब."

स्नेहलतागंजातल्या एका हॉलमध्ये एकतीस मार्चला साठेक म्हातारे जमले. स्टेशन जवळ पडतं म्हणून तो हॉल. कचोऱ्या होत्या, हार होते. एकानं मोबाइलवर भोंग्याचा आवाज लावला आणि सगळ्यांचे डोळे पाणावले. "क्या दिन थे भिया!" "आपला तेंदूखाप म्हणजे स्वर्ग होता." स्वर्गात नळावर हंडे कोण बाजूला करत होतं, ते कोणी बोललं नाही. स्टेजवर दगड, वर भगवं कापड. शेवटच्या रांगेत गंगूबाई आणि खुशी. त्यांना प्राचीनं बोलावलं होतं. त्यांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या होत्या.

मला टेबलावर ठेवलं होतं. आजीनं सवयीनं नंबर मागे केला होता.

उदयसिंह माइकपाशी आले. त्र्याहत्तर वर्षांचे, पण आवाज अजून मॅनेजरचाच. "सहा शहीद. सहा वीर. एक आदमी की लापरवाही ने उन्हें छीना, हमारा शहर छीना। पण आज आपण कुणाबद्दल कडवट बोलायचं नाही. आज फक्त ज्योत. गोपीनाथजींचे हात थरथरतात, म्हणून त्यांची नात बत्ती पेटवेल. आओ बेटा." त्यांनी माचिस पुढे केली.

प्राची आली. माचिस तिनं टेबलावर ठेवली.

"पेटवायची तर आधी उघडावी लागेल," ती म्हणाली. पर्समधून पक्कड काढली. खाली पहिल्या रांगेत आजोबा अर्धवट उठले. "प्राची!" आजी ओरडली. शिसं मऊ असतं. एका दाबात तुटलं. अठ्ठावीस वर्षांनी माझं पोट उघडलं. काच निघाली, आवरण निघालं, जाळी निघाली.

खालून वरपर्यंत निळी-जांभळी.

तिनं ती दोन बोटांत धरून उंच केली. स्टेजवरच्या दिव्यात डाग असा चमकला की मला स्वतःलाच तो पहिल्यांदा दिसला. पुढच्या रांगांत खाणीत जन्म घालवलेली माणसं होती. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. एक म्हातारा चष्मा काढून पुन्हा लावू लागला.

"ही सदतीस नंबरची बत्ती. तुटलेलं हे शिसं, ठसा एकतीस. त्या दिवशीचं. पाळी उतरायच्या आधी हिच्यात वायू पेटला होता. वहीत लिहिलं, वायू नाही. पुनाराम विडी ओढत नव्हता. तो तंबाखू खायचा, आणि माझ्या आजोबांना द्यायचा."

"माइक बंद करो," कोणीतरी म्हणालं.

"अगं, घरातलं घरात बोलावं," दुसरी म्हणाली. "मोठी माणसं आहेत. कार्यक्रम आहे."

उदयसिंह हसले. "बेटा, पुरानी चीज़ है। जंग लगा है। तू अजून लहान आहेस. पहले जला दो, बाद में बैठकर बात करेंगे।"

"बाद में अठ्ठावीस वर्षं झाली. नाही पेटवणार. दगडावर सातवं नाव येईपर्यंत मी पेटवणार नाही, आणि हिला कोणी पेटवूही देणार नाही."

मला त्या वेळी बोलता आलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं. मला पेटवू नका. फूल वाहू नका, दसऱ्याला हळद लावू नका. मी एकदा तुम्हाला सांगितलं होतं, निळ्या अक्षरात, तुमच्या डोळ्यांसमोर. तेव्हा ऐकलं नाहीत. आता माझ्या उजेडात बसून रडायचा तुम्हाला हक्क नाही.

उदयसिंहांचं हसू गेलं. ते पहिल्या रांगेकडे वळले. "गोपीनाथ. समझाओ अपनी बच्ची को. सांग सगळ्यांना, ही ती बत्ती नाही."

सगळ्या माना वळल्या. आजोबा उभे होते. 'जी साहेब' म्हणायला लागतो तेवढाच वेळ गेला. मग त्याच्यापुढचाही वेळ गेला. एक पायरी, दुसरी पायरी, असं करत ते स्टेजवर चढले. टेबलापाशी आले. त्यांनी मला उचललं, हळू, पूर्वी उचलायचे तसंच, आणि फिरवून ठेवलं. सदतीस, लोकांकडे.

"साहेब," शेवटच्या रांगेतून गंगूबाईचा आवाज आला, "आता सांगा ना. कोणाची विडी?"

उदयसिंहांनी माइककडे पाहिलं. माचिसकडे पाहिलं. खाली साठ म्हातारे बसले होते, आणि आयुष्यभर तरुण पोरांना गप्प बस म्हणणाऱ्या त्या साठ तोंडांतून एक शब्द निघत नव्हता.